शाफ्ट उतरवलाच आहे तर

गाडी ओढून आणली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. मागच्या फळीतून पाणी ठिबकत होतं आणि त्या पाण्याला मासळीचा वास होता. ड्रायव्हर खाली उतरायच्या आधीपासूनच बोलत होता.

"क्लच गेला, ताई. चढावर असा वास सुटला, मला वाटलं मासेच भाजायला लागले. आत बर्फात माल आहे, उद्या पहाटेच्या बाजाराला पोचवायचाय. बर्फ माझं ऐकत नाही, शेठ माझं ऐकत नाही, आणि बायको तर..."

"किती टन?" मी विचारलं.

"बायको?"

आमचा फिटर जॅक ओढता ओढता हसला. तो उंचीनं अगदी बेताचा, म्हणून सगळे त्याला पाव इंची म्हणतात. त्यानं ड्रायव्हरचं नाव तिथल्या तिथे रेडिओ ठेवलं. "ताई, ह्याचं बंद करायचं बटण तेवढं शोधून ठेवा," म्हणाला.

मी हसले नाही. मी दाराखालचा हिरवा पट्टा आणि त्यावरचा पांढरा आकडा बघत होते. तसल्याच पट्ट्याचं, पण उलट्या पडलेल्या गाडीचं छायाचित्र तीन वर्षं माझ्या कपाटात आहे.

"मालक कोण?" मी विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

रेडिओनं फोनच लावून दिला आणि आवाज मोठा केला. पलीकडून शेठ म्हणाला, "फक्त क्लच. बाकी कशाला हात लावायचा नाही. ह्या गॅरेजवाल्यांना एक काम सांगितलं की दहा काढून ठेवतात."

त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. चौकशीच्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले होते आणि तो पूर्ण वेळ पुढे बघत होता.

माझे वडील, अप्पा, त्याच्याकडे सव्वीस वर्षं हेड मिस्त्री होते. कुठलीही गाडी वर्कशॉपमधून निघाली की तपासणीच्या छापील कागदावर त्यांची सही लागायची. हात ग्रीसनं भरलेले असायचे. कागदावर काळे अंगठे उमटले की ऑफिसातून कागद परत यायचा, पुन्हा लिहा म्हणून. मग अप्पांनी एक सवय लावून घेतली. सोमवारी सकाळी, हात स्वच्छ असताना, आठवड्याच्या तीस कागदांवर सह्या करून ठेवायच्या. बाकीचा मजकूर गाडी झाल्यावर ऑफिसात सांगायचा, तिथे कोणीतरी भरायचं. इतकी वर्षं काही बिघडलं नाही, म्हणून ती चूक आहे असं कोणाला वाटलंही नाही.

तीन वर्षांपूर्वी एका गाडीचा गिअरबॉक्स उतरवला होता. गिअरबॉक्स काढायचा तर त्याच्यापासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट आधी सोडवावाच लागतो. त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो, अधिकच्या चिन्हासारखा, चार बोटांचा लोखंडी तुकडा. गाडीचा सगळा जोर त्याच्यातून जातो. अप्पांना पुढचा झिजलेला दिसला. शाफ्ट उतरवलाच आहे तर बदलून टाकू, असं ते शेठला म्हणाले. शेठ म्हणाला, पुढच्या खेपेला. अप्पांनी ऑफिसात सांगितलं, "क्रॉस खराब, बदलणे आवश्यक असं लिहा." पाचव्या दिवशी उतारावर तो क्रॉस तुटला, शाफ्टचं पुढचं टोक खाली पडून रस्त्यात रुतलं आणि गाडी उलटली. ड्रायव्हर जागीच गेला. कागद बाहेर काढला तर त्यावर लिहिलेलं होतं, "क्रॉस तपासला. ठीक आहे." खाली अप्पांची सही. खरी सही.

सही तुमची का, असं चौकशीत विचारलं. अप्पा म्हणाले, हो. अक्षर कोणाचं, असं कोणी विचारलं नाही. त्यांचा परवाना गेला. ज्या ड्रायव्हरांना त्यांनी गाडी शिकवली होती ते रस्त्यात समोर आले की मान वळवून जायला लागले. अप्पांनी पान्याला पुन्हा हात लावला नाही.

माझं शिक्षण धातूंचं. सात वर्षं एका प्रयोगशाळेत मी लोखंडाच्या कांड्या यंत्रात वाकवून, सरळ करून, पुन्हा वाकवून, कितव्या खेपेला तुटतात ते मोजत होते. ती नोकरी सोडून मी हमरस्त्यावर ही शेड घेतली. अप्पांनी येऊन बसावं, म्हणून घेतली होती. ते एकदाही आले नाहीत. बाकी सगळं मी त्यांच्याच पद्धतीनं लावलं. फक्त एक नियम माझा आहे. उघडलेल्या कामात शेजारचा एखादा भाग थकलेला दिसला तर तो पांढऱ्या फडक्यावर ठेवून मालकाला दाखवायचा, आणि बदलायचा की नाही ते मालकानं स्वतःच्या हातानं कोऱ्या कागदावर लिहायचं. छापील काही नाही. माझी सही सगळ्यात शेवटी.

अकरा वाजता शाफ्ट खाली आला. मी पुढचा क्रॉस हातात धरून फिरवला. तो सरळ फिरत नव्हता, ठरावीक जागी अडकत होता, आणि त्याच्या बोटावरच्या टोपीच्या कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी जमली होती. ती धूळ नव्हती. आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून एकमेकींना खात होत्या, त्याचं ते पीठ होतं. मी अंगठ्यानं ते पुसलं आणि बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिले.

कोणी मला ह्याबद्दल विचारलं नव्हतं. उलट, हात लावू नका असं बजावलं होतं. पाव इंची गिअरबॉक्सखाली होता, त्यानं पाहिलं नव्हतं. मी क्लच बदलला, शाफ्ट होता तसा जोडला आणि गाडी बाहेर काढली, तर मी काहीही चुकीचं केलं नसतं. पुढचं लोखंडानं केलं असतं. शेठच्या दुसऱ्या गाडीला, त्याच जागी, तेच. चौकशी झाली असती आणि ह्या वेळी कागदावर सही करायला अप्पा नव्हते. मला ह्या कल्पनेची किळस आली असं मी म्हणणार नाही. उन्हात गार पाणी प्यावं तसं वाटलं.

शेडच्या कोपऱ्यात रेडिओ बाकड्यावर आडवा झाला होता. झोपेतही त्याचे ओठ हलत होते. चपला त्यानं बाकाखाली एकमेकींना चिकटवून, टाचा भिंतीकडे करून ठेवल्या होत्या. शेठ ह्या गाडीत कधी बसत नाही. शाफ्टच्या वर, एका पत्र्याच्या पलीकडे, हा बसतो. माझा सूड चुकीच्या पत्त्यावर जाणार होता, आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेली वस्तू योग्य माणसाला कधीच मिळत नाही.

मी शेठला फोन केला.

"तुम्हाला यावं लागेल. एक भाग दाखवायचा आहे."

"ड्रायव्हर आहे ना तिथे? त्याची सही घ्या."

"ड्रायव्हरची चालत नाही. मालकाच्या हातचं लिहिलेलं लागतं, नाहीतर शाफ्ट जोडत नाही."

त्यानं मला दोनचार शब्द ऐकवले. मी ते शांतपणे ऐकून घेतले. मागच्या फळीतून पाणी आता थेंब थेंब नाही, धारेनं येत होतं.

तो दोन वाजता आला. पांढरा शर्ट, गाडीतून उतरतानाच घड्याळाकडे नजर. आम्ही क्लच बसवून गिअरबॉक्स वर चढवला होता. फक्त शाफ्ट बाकी होता.

"ह्या गॅरेजचे मालक कुठायत?"

"मीच."

"अच्छा. बोला पटकन. माझा माल पाणी होतोय."

शाफ्टचं पुढचं टोक मी फडक्यावर ठेवलं होतं, ते दाखवलं. "हा फिरवून बघा."

त्यानं दोन बोटांनी, हात मळू नयेत अशा बेतानं, क्रॉस फिरवला. अडकला. पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच अडकला.

"किती दिवस चालेल?"

"सांगता येत नाही. तुटायच्या आदल्या दिवशीही तो असाच दिसतो."

"म्हणजे वर्षभरही चालेल."

"चालेल. किंवा पुढच्या उतारावर तुटेल. शाफ्ट उतरवलाच आहे, आत्ता अर्ध्या तासात होईल."

"एवढंसं काम म्हणता म्हणता संध्याकाळ करता तुम्ही लोक. घाबरवून धंदा करायचा, दुसरं काय! पुढच्या खेपेला बघू." त्यानं हात पुढे केला. "आणा तो कागद."

मी कोरा कागद आणि पेन दिलं. त्यानं स्वतःच्या मोटारीच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं, "क्रॉस पाहिला. ठीक आहे. बदलू नये." तारीख, वेळ, सही. मी काहीही सांगितलं नव्हतं. शब्दही त्याचेच होते.

मी तो कागद मोठ्यानं वाचला. मोठ्यानं वाचायचं माझ्या नियमात नाही, ते मी त्या दिवशी केलं. रेडिओ बाकावर उठून बसला होता. सकाळपासून पहिल्यांदाच तो गप्प होता. तो उठला, फडक्याजवळ आला, त्यानं वाकून कान क्रॉसजवळ नेला आणि तो हळू फिरवला.

"शेठ," तो म्हणाला, "किल्ली घ्या."

"काय झालं?"

"काही नाही झालं. व्हायच्या आधी देतोय." किल्ली त्यानं फडक्यावर ठेवली. "ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारते म्हणून मी दोन महिने सांगतोय. तुम्ही म्हणालात, तुझा पाय जड आहे. पाय आहे तसाच आहे, शेठ. तो मला घरी न्यायचाय."

"उद्यापासून येऊ नकोस मग!"

"आजपासूनच नाही आलो, समजा."

पाव इंची पुटपुटला, "रेडिओ लागला बघा, ताई."

शेठनं फळीकडे पाहिलं, जमिनीवरच्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं, बदला तो. लवकर करा."

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"तुम्ही लिहून दिलंय, बदलू नये. आता बदलायचा तर मला दुसरा कागद लागेल. तीन वर्षांपूर्वी 'क्रॉस तपासला, ठीक आहे' हे कोणी लिहिलं, त्याचा."

त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. माणूस ओळखताना चेहऱ्यावरचं काय बदलतं ते मी कधी मोजलेलं नाही, पण बदलतं एवढं खरं.

"तू मिस्त्रींची पोरगी."

"हो."

"म्हणून हे नाटक?"

"नाटक नाही. क्रॉस खरा आहे. तेव्हाचाही खरा होता."

त्यानं दुसऱ्या तीन गॅरेजांत फोन केले. एकाकडे माणूस नव्हता, दुसऱ्याकडे गाडी उभी करायला जागा नव्हती, तिसऱ्यानं संध्याकाळनंतर या म्हणून सांगितलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. मला कसलीही घाई नव्हती. तीन वर्षांत हा पहिला दिवस होता की मला कसलीही घाई नव्हती.

"जोड तो शाफ्ट!" तो एकदम ओरडला. "आहे तसा जोड. मी नेतो. बावीस वर्षांचा होतो तेव्हापासून गाड्या चालवल्यात. मला शिकवू नकोस."

पाव इंचीनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, खरंच जोडायचा?"

"त्यांनी लिहून दिलंय."

मी स्वतः जोडला. आठही बोल्ट मापाच्या पान्यानं आवळले, एकाही बोल्टात कसर ठेवली नाही. जुन्या क्रॉसचं जेवढं आयुष्य उरलं होतं तेवढं त्याला मिळावं, आणि ते संपलं तर माझ्या हाताचा दोष कोणाला दाखवता येऊ नये, अशी ती जोडणी होती. मग मी गाडीखालून बाहेर आले आणि पाव इंचीला फाटक उघडायला सांगितलं.

रस्त्यावर दुसरी माणसंही असतात, हे मला ठाऊक होतं. शेठ फाटकाबाहेर गेला असता तर मी आडवी गेले असते का? मी त्याचा पुष्कळ विचार केला आहे. उत्तर मला आजही देता येत नाही.

त्यानं इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. टण्. पायाखालचा पत्रा कोणीतरी हातोडीनं ठोकावा तसा आवाज झाला. गाडी पुढे सरकली. दुसरा गिअर. टण्. हा आवाज ऑफिसातल्या खुर्चीत कळत नाही, तिथे ती नुसती ड्रायव्हरची कुरकुर असते. सीटवर बसलं की तो आवाज पाठीच्या कण्यातून वर येतो. फाटकाच्या अलीकडे दोन हातांवर गाडी थांबली. इंजिन चालू होतं. आम्ही तिघं उभे होतो. खूप वेळ दार उघडलं नाही.

मग तो उतरला. चेहरा फळीसारखा ओला.

"कागद दे," म्हणाला.

पहिल्या कागदावर त्यानं लिहिलं, "कार्यालयाकडून चुकून नोंद झाली." मी तो वाचून परत दिला.

"कार्यालयाला हात नसतात. आणि चुकून हा शब्द काढा."

दुसऱ्यावर लिहिलं, "माझ्या सांगण्यावरून नोंद झाली असावी."

"असावी?"

"माल सडतोय माझा!"

"मला वास येतोय," मी म्हणाले आणि त्याला तिसरा कागद दिला.

तिसऱ्या कागदावर त्यानं लिहिलं की मिस्त्रींनी क्रॉस बदलायला सांगितला होता, तो मी बदलू दिला नाही. त्यांनी आधीच सही करून ठेवलेल्या कागदावर 'क्रॉस तपासला, ठीक आहे' हे मी लिहिलं. सही. साक्षीदार म्हणून रेडिओनं सही केली, वळणदार, खाली दोन टिंबं देऊन. पाव इंचीनं त्याखाली.

मग मी काम सुरू केलं. शेठ सावलीकडे निघाला होता. मी त्याच्या हातात बॅटरी दिली.

"फिटरचे हात अडकलेत. तुम्ही उजेड धरा."

"मी?"

"खाली या. वरून दिसत नाही."

तो पांढऱ्या शर्टात गाडीखाली आला. मागून मासळीचं पाणी वाहत येत होतं, ते त्याच्या पाठीखालून गेलं. मी शाफ्ट पुन्हा सोडवला, जुना क्रॉस ठोकून काढला, नवा बसवला, ग्रीस भरलं. मागचा तेवढा वाईट नव्हता, तोही बदलला. शाफ्ट खाली असताना अर्धवट काम अप्पांनी कधी केलं नाही. एकदा बॅटरीचा उजेड बाजूला गेला तेव्हा मी म्हणाले, "नीट धरा." त्यानं नीट धरला.

बाहेर आलो तेव्हा मी त्याला त्याच्याच मनगटावरचं घड्याळ बघायला सांगितलं. "दोन्ही क्रॉस मिळून एकोणचाळीस मिनिटं," मी म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी गेलेल्या त्या ड्रायव्हरच्या बायकोला हा आकडा मी कळवणार आहे. तुम्हाला आधी कळलेला बरा."

रेडिओ गाडीखाली सरपटत जाऊन स्वतःच्या हातानं सगळे बोल्ट चाचपून आला.

"आता नेतो," तो म्हणाला. "शेठसाठी नाही हां, माशांसाठी. ताई, तुमची सही झाली?"

मी सगळ्यात शेवटी सही केली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी दोन्ही कागद, 'बदलू नये' लिहिलेला आणि कबुलीचा, चौकशी कार्यालयात दिले आणि पोच घेतली. कबुलीची एक प्रत ड्रायव्हर संघटनेच्या फलकावर लावली, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. एक त्या बाईंच्या घरी नेली. बारा वाजता शेठचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"माल पोचला. गाडी लोण्यासारखी चालली म्हणाला तो. झालं गेलं सोडून देऊ आता. तो कागद फाडून टाक, मी मिस्त्रींना पुन्हा कामावर घेतो."

"कागद तासाभरापूर्वी दिला. पोच माझ्याकडे आहे."

"अडवून लिहून घेतलं म्हणून सांगेन मी. दबाव टाकला म्हणून सांगेन!"

"सांगा. कबुलीच्या कागदाबद्दल सांगाल. 'बदलू नये' लिहिलेल्या पहिल्या कागदावर कोणाचा दबाव होता? 'ठीक आहे' त्यावरही तुमच्याच हातचं आहे. ते अक्षर जुन्या कागदाशी ताडून बघा, असा अर्ज मी सोबत जोडलाय."

त्यानं फोन ठेवला. मी जेवायला घरी गेले.

अप्पा खिडकीशी बसले होते. मी माझ्याजवळची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा शोधला नाही.

"तूच वाच," म्हणाले.

मी वाचली. मला वाटलं ते म्हणतील, कशाला हे सगळं उकरून काढलंस, मेलेला माणूस काही परत येत नाही. ते तसं बोलणारे आहेत.

"परत वाच."

मी परत वाचली. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, नखांच्या कडांतलं काळं तीन वर्षांत निघून गेलेलं. डोळे मिटलेले होते आणि ओठांच्या एका बाजूला काहीतरी होतं, ते समाधान होतं असं मी म्हणेन, पण त्यात दयामाया अजिबात नव्हती.

"शेठ समोर उभा होता लिहिताना?"

"उभा होता. घामानं निथळत होता."

"बरं." ते खुर्चीत जरा मागे टेकले. "आता पुन्हा वाच. आणि 'मी लिहिलं' तिथे जरा सावकाश."